ज्ञानूच्या हाकेला ओ

या, पुढं सरका. पखवाजाला कणीक लावायची आहे, बुवा यायला घटकाभर अवकाश आहे. तोवर गुंजवणे गावची एक गोष्ट ऐका. गोड नाही, पण ऐका.

राजगडाच्या पायथ्याला कुंडलिक आणि रखमाजी हे दोघे भाऊ एकाच चुलीवर राहत. थोरल्या कुंडलिकाची बायको सोजराबाई. लग्नाला चौदा वर्षं झाली, कूस उजवली नव्हती. धाकट्या रखमाजीची बायको बनाबाई. तिला दोन मुलगे, ज्ञानू आणि अंगावरचा गेनू. सन सदतीस साली चार वर्षांचा ज्ञानू थोरल्याच्या मांडीवर दिला. कागद झाला, पेढे वाटले, ज्ञानूचा मानसिंग झाला. घर तेच, अंगण तेच. पण सकाळी जी आई होती ती संध्याकाळी काकी झाली.

सासू ठकुबाईला एवढ्यानं समाधान झालं नाही. तिनं देवीचा अंगारा पुढं धरून धाकट्या सुनेकडून वदवून घेतलं, "पोरानं आई म्हनून हाक मारली, तर म्या ओ देनार न्हाई. दिली तर त्याच्याच डोईवर पडंल."

बनाबाईनं अंगाऱ्यावर हात ठेवला. 

दोन वर्षांत पोर वाळलं. अंथरूण ओलं करू लागलं. हाक मारायचंच त्यानं सोडलं. काही हवं असलं की नुसता पदर ओढायचा. सोजराबाईनं त्याला रेशमी गोंड्याचं टोपडं शिवलं होतं, दुधावरची साय ती त्याच्यासाठी राखायची. पण तिला हवा होता एक शब्द, आणि तो मिळेना, तशी तिची जीभ विखारी होत गेली.

कार्तिकातली दुपार होती. पुरुष खळ्यावर होते. पडवीत दोघी जावा एकाच उखळात भात कांडत होत्या. एकीचं मुसळ वर, दुसरीचं खाली.  ठकुबाई सुपानं कोंडा पाखडत होती. ज्ञानू आला, त्यानं बनाबाईचा पदर धरला आणि भुकेच्या भरात बोलून गेला, "आई, भाकर."

सूप थांबलं.

"कोनाला म्हनलास रं?"

"घ्या!" सोजराबाई कडाडली. "दोन वर्सं माझ्या हातचं गिळतोय, आन आई कोन, तर ही!"

"म्या काय त्याच्या जिबंवर बसले, बाई?"

"बसली न्हाईस. कानात भरवलंस. मानसिंगा, इकडं बघ. ही कोन?"

"काकी."

"आन मी?"

पोर अंगठ्यानं जमीन उकरू लागलं.

"आठवंल तवा ये भाकर खायाला. जा!"

ते गेलं. वासराला पाणी दाखवायला ओढ्यावर गेलं असेल. परसापलीकडंच ओढा, त्याला एक डोह.

थोड्या वेळानं हाक आली.

"आई!"

दोन्ही मुसळं हवेतच राहिली.

"जा की," सोजराबाई म्हणाली. "तुलाच मारतोय."

"मला ओ देता येत न्हाई, बाई. त्याच्या डोईवर पडंल. तुमी द्या. आई तुमी हाय."

"ती हाक माझी न्हाई. मला वळखू येती."

"आई गं!"

या खेपेला हाक फाटकी होती. बनाबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"भुकंची नाटकं हायती," ठकुबाई म्हणाली. "कांडा!"

मुसळं पडू लागली. एक वर, एक खाली. आणि मग त्या आवाजातून तिसरी हाक आली. शिकवल्याप्रमाणे, अगदी नीट.

"काकी! काकी गं!"

"ओ!" बनाबाईनं मुसळ फेकलं. "ओ, माझ्या बाळा! आले, आले!" ती काट्याकुट्यातून धावली. मागोमाग सोजराबाई.

काठावर वासरू उभं होतं, दावं भिजलेलं. उंबराची एक मुळी खरवडून तुटली होती. डोहाचं पाणी शांत झालं होतं.

पलीकडं मेंढरं राखणाऱ्या म्हादूनं बुडी मारून पोर वर काढलं. सोजराबाई त्याच्या कानाशी ओरडत राहिली, "ओ! ओ रं! मी ओ देते, एकदा मार की हाक!"

बाराव्या दिवशी पाहुणे उठले आणि ठकुबाईनं गेनूकडं बघत अंगाऱ्याची वाटी बाहेर आणली. थोरल्याचा वंश तर चालायला हवा, आता गेनूला त्याच्या मांडीवर द्यायचं. कुंडलिक खाली मान घालून बसला होता. सोजराबाईनं वाटी सासूच्या हातातून घेतली, परसापलीकडच्या डोहात पालथी केली आणि परत येऊन म्हणाली,

"आत्याबाई, गेनू हितंच वाढंल. बनीला आई म्हनंल. मला वाटलं तर म्हनंल, न्हाईतर न्हाई. पर ह्या घरात कुटल्याबी लेकरानं कोनालाबी हाक मारली, तर पयली ओ माझी."

ठकुबाई चिडली, शिव्याशाप दिले.  सोजराबाई गेनूला घेऊन बनाबाईशेजारी जाऊन बसली.

माझ्या मायबापांनो, पोर मांडीवर घ्या, जरूर घ्या, पुण्य आहे. पण त्याच्या तोंडातला पहिला शब्द काढून घेऊ नका. ज्या पांडुरंगाला आपण आई म्हणतो, त्यानं कधी विचारलंय का, ही हाक खरी माझी की दुसऱ्या कुणाची?

बुवा आले. टाळ उचला. पण नामाची पहिली हाक मारण्याआधी त्या पोराला आठवा. कागदावरचं मानसिंग नको. ज्ञानू म्हणा. आणि मनातल्या मनात त्याला एक ओ द्या.