सासऱ्यांची पाठ

माझे सासरे मियाओ थिंगफू रोज सकाळी लुओ नदीकाठच्या बागेत ची-कुंग शिकवायचे. संथ हालचाली, लांब श्वास. अंगातली अडकलेली शक्ती, म्हणजे ची, मोकळी करायची. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. मी मालिशवाली. त्यांचे निम्मे शिष्य कंबर धरून माझ्याच दुकानात यायचे.

वसंतात त्यांचीच पाठ धरली. दुपारी दुकान रिकामं बघून आले आणि पालथे झोपले.

"लानफेन, जरा मोकळी कर गं. ची अडकलीय."

मणक्यावर अंगठा टेकवला मात्र, ते कळवळले. आखडलेला स्नायू दाबला की माणूस ओरडतो, मग सैलावतो. हे सैलावेनात. अंगावरचं मांसही उतरलं होतं. मी हात उचलला.

"मी नाही दाबणार, बाबा. आधी हॉस्पिटलात जाऊन पाठीचा एक्स-रे काढा."

"म्हणजे मी रांगेत उभा राहू? लोक म्हणतील, गुरुजींचीच हवा गेली!"

"म्हणू देत. पाठ तुमची आहे, लोकांची नाही."

"येत नसेल तर तसं सांग," असं म्हणून ते निघून गेले.

नवऱ्याला सांगितलं. कुआंग म्हणाला, "तूच बोल, तुझं ऐकतात ते."

"ऐकलं असतं तर मी तुझ्याकडे आले असते का?"

तो बापाशी बोलला, आणि बापाने घरात अबोला धरला. मग मीच बागेत गेले. सगळ्यांदेखत म्हणाले, "गुरुजींची पाठ बरी नाही. डॉक्टरकडे जा म्हणून तुम्ही तरी सांगा."

शिष्यांतली फू आजी हसली. "अगं, गुरुजींना कसलं आलंय दुखणं!"

सासऱ्यांनी दोन्ही हात सावकाश डोक्यावर नेले. चेहरा पांढराफटक पडला, पण हात खाली आले नाहीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी आले.

थोड्याच दिवसांनी ते पुलापलीकडच्या एका मालिशवाल्याकडे गेले. तो पाठीवर गुडघा रोवून दाबतो. आजाराने आतून पोखरलेला मणका तिथेच मोडला. फुप्फुसातला कॅन्सर मणक्यात उतरला होता, असं डॉक्टर म्हणाले. कमरेखालचं अंग गेलं.

मालिशवाला हॉस्पिटलात आला, दारातच रडत उभा राहिला. कुआंग त्याच्या अंगावर धावून गेला.

"त्याला काही बोलू नका," सासरे म्हणाले. "मीच त्याला सांगितलं होतं, सुनेनं तपासून पाठवलंय म्हणून."

मालिशवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीचा पडदा सारखा केला.

संध्याकाळी आम्ही दोघंच होतो. ते म्हणाले, "पाय चोळ गं जरा."

मी पांघरूण दूर केलं. तळवे, घोटे, पोटऱ्या, पुन्हा तळवे. माझे अंगठे दुखायला लागले. ते छताकडे बघत पडले होते.

"लानफेन, कर ना सुरू."

"करते, बाबा," मी म्हणाले.