टिचकी मारल्याशिवाय न उतरणारा काटा

मी एक जुना दाबमापक आहे, मित्रांनो. या घरातली बाई वारल्याचे कळले, त्या दिवशी माझा काटा तीनवर होता.

दुपारची वेळ होती. घराला लागून पत्र्याची शेड आहे. तिथे बिनबंपरची एक लहान गाडी उभी होती आणि घराचा मालक तिच्या खाली आडवा पडून पेट्रोलच्या नळीचे सांधे पाहत होता. तो बस डेपोत मेकॅनिक. सांधे पाझरतात का हे कळावे म्हणून त्याने पंपाला बॅटरीची तार थेट जोडली होती. पंप गुणगुणत होता. तेवढ्यात फोन वाजला. त्याने हात पुसले, ऐकून घेतले, "हो" म्हणाला, पुन्हा "हो" म्हणाला, "येतो" म्हणाला आणि तसाच गेला.

तार काढायची राहिली. दिवस मावळेपर्यंत बॅटरी संपली, पंप गप्प झाला, नळीतला दाब हळूहळू गेला. मी मात्र तीनच दाखवत राहिलो. चार दिवसांनी त्याची थोरली बहीण शेड झाडायला आली. तिने माझ्यावर फडके झटकले, तेव्हा कुठे माझा काटा शून्यावर आला. तिला त्यातले काही कळले नाही. मला कळले, पण मला बोलता येत नाही.

आता हा दोष मला कसा जडला ते सांगतो. माझ्या पोटात पितळेची एक वाकडी नळी आहे. तिच्यात दाब शिरला की ती सरळ व्हायला बघते आणि काट्याला ओढते. एवढेच माझे काम. कारखान्यातून निघालो तो एका मोठ्या गॅरेजमध्ये आलो. तिथे मी बारा वर्षे राबलो. गाडी धक्के खात चालते, चढावर दम टाकते, अशी तक्रार आली की गॅरेजवाला म्हणायचा, "आधी तो लावा, मग तोंड उघडा." तेव्हा माझी काच रोज पुसली जायची. मग एकदा मी बॉनेटवरून फरशीवर पडलो. काच तडकली आणि काटा ज्यावर फिरतो तो बारीक आस वाकला. वर जाताना मी ठीक जायचो, खाली येताना अडकायचो. तेव्हापासून नट-बोल्टच्या भंगार डब्यात तळाला पडून राहिलो. किती वर्षे ते मोजले नाही.

तिथून मेकॅनिकने मला पँटच्या खिशात घालून घरी आणले. भंगारातल्या त्या छोट्या गाडीला तो टर्बो बसवत होता. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. बायकोला त्याने हे जेवताना समजावले होते आणि ती दुसऱ्या दिवशी शेडमध्ये येऊन उभी राहिली. ती इस्पितळात नर्स होती.

"म्हणजे श्वास दुप्पट आणि जेवण तेवढंच," ती म्हणाली. "माणूस टिकेल का असा?"

"नाही टिकणार. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं तर मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रण जास्त तापतं. पिस्टन वितळतो."

"मग जेवण वाढवा की."

"तेच तर करतोय, बाई."

मित्रांनो, अख्खी गोष्ट एवढीच आहे. पेट्रोलच्या नळीवर दाब राखणारी एक चकती असते. तिला एक बारीक रबरी नळी इंजिनातल्या हवेची खबर देते. हवेचा दाब जितका वाढेल तितकाच पेट्रोलचाही वाढला पाहिजे. दाब मोजायचा 'बार'मध्ये. जास्तीची हवा नसताना पेट्रोल तीन बार, हवा अर्धा बार तर पेट्रोल साडेतीन, हवा एक बार तर पेट्रोल चार. हे खरोखर घडते का, ते सांगायला मी.

धक्क्यांनी काच आणखी फुटू नये म्हणून त्याने मला समोरच्या काचेपाशी, तिच्या बाजूला, रबराच्या जाड पट्टीवर बसवले. त्यांचा एक नियम होता. ज्याच्या हातात गाडी किंवा पाना, त्याने काटा वाचायचा नाही. नियम तिचाच. "तुम्हाला जे हवंय तेच तुम्हाला दिसतं," ती म्हणायची. त्यामुळे चालवायचे त्याने, वाचायचे तिने. तिच्या मांडीवर वही असायची. वहीत तिने रुग्णाच्या तक्त्यासारख्या चौकटी आखल्या होत्या. एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पेट्रोल.

तिने मला पहिल्याच दिवशी ओळखले. आकडा लिहिण्याआधी ती नखाने माझ्या काचेवर टिचकी मारायची. अडकलेला काटा सुटायचा, मग ती लिहायची.

"अहो, हा टिचकी मारल्याशिवाय खरं सांगत नाही," ती म्हणाली होती.

तो गाडीखाली होता, पंप कानाशी चालू होता. "हं," तो म्हणाला. त्याला शब्द ऐकूच गेले नव्हते. सुईआधी सिरिंजला टिचक्या मारतात, तशी ही तिची सवय असेल असे तो समजला. पुढे एकदा त्याने चेष्टाही केली. "त्याला इंजेक्शन देतेस काय?"

"तुमच्यापेक्षा लवकर ऐकतो तो."

माझे चांगले दिवस ते. आठवड्याची सुट्टी आली की गोदामांमागच्या मोकळ्या रस्त्यावर आम्ही जायचो. तिचा आवाज यायचा, "तीन पॉइंट चार. बरोबर. तीन पॉइंट सहा. बरोबर." नऊ चौकटी भरल्या. दहावी, पूर्ण हवेची, तिची ड्युटी संपली की भरायची होती. तो फोन आला त्याच दुपारी ती वॉर्डात चालता चालता खाली बसली आणि उठली नाही.

बहिणीने शेड झाडली, त्यानंतर आठ महिने शेडला कुलूप होते. टाकीतले पेट्रोल शिळे झाले, तळाला गाळ धरला. बहीण घर सांभाळायला राहिली होती. एक दिवस त्याने नवी बॅटरी आणली, शिळ्यावरच पाच लिटर ताजे पेट्रोल ओतले आणि गाडी सुरू केली. फिल्टर बदलला नाही. डेपोत दुसऱ्याने असे केले असते तर त्याने त्याला उभे सोलले असते.

बहीण दारात आली. "मी बसते शेजारी. आकडा वाचायला काय, मला अक्षरं येतात."

"ती तिची जागा आहे, ताई."

"अरे, जागा तिची आहे म्हणून काय मोकळीच ठेवशील? त्या डब्याशी बोलतोस, माझ्याशी चार शब्द नाहीत."

त्याने गाडी बाहेर काढली. वही शेजारच्या सीटवर होती, पेन वहीत. नियम मोडून तो एकटाच दोन्ही कामे करणार होता. ते इंजिन म्हणजे त्या दोघांनी मिळून केलेली शेवटची वस्तू. ते बिघडले तर पुन्हा उघडायची ताकद त्याच्यात नव्हती.

गोदामांमागे त्याने पाय दाबला. हवा चढली. मी तीन पॉइंट आठपर्यंत गेलो, अगदी बरोबर. तेवढ्यात गाळाने फिल्टर तुंबला. पेट्रोल कमी पडू लागले. माझ्या पोटातली नळी ढिली पडली, पण काटा अडकला होता. तो तीन पॉइंट आठवरच राहिला. मिश्रण पातळ पडले की येतो तसा, डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज इंजिनातून सुरू झाला. त्याने माझ्याकडे पाहिले.

"बरोबर आहे," तो म्हणाला आणि पाय तसाच ठेवला.

मित्रांनो, आयुष्यभरात माझ्यावर इतका विश्वास कोणी टाकला नव्हता, आणि मी खोटा होतो.

मग त्याने शेजारच्या सीटकडे पाहिले. डावा हात उचलला आणि ती मारायची तशी टिचकी माझ्या काचेवर मारली. तपासायला नाही. तिची आठवण आली म्हणून.

काटा धाडकन दोनवर आला.

त्याने पाय काढला. गाडी कडेला लावली. पुन्हा टिचकी मारली, पुन्हा पाहिले. "हे सांगत होतीस होय," तो म्हणाला.

घरी येऊन त्याने इंजिन उघडलेच, ताकद नव्हती तरी. तिसऱ्या पिस्टनची कड मेणासारखी ओघळली होती, बाकी तीन शाबूत होते. बहीण दिवा धरून उभी होती. या खेपेला त्याने तिला अडवले नाही. टाकी धुतली, फिल्टर नवा घातला, पिस्टन बदलला. वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिले, "आधी टिचकी." बहीण आता मला टिचकी मारते, जरा जास्तच जोरात.

मी थकलो आहे. जुन्या वस्तू वापरायच्या असतील तर वापरा, पण त्यांचा दोष कोणाला माहीत आहे ते विचारून ठेवा. आणि कोणी काही सांगत असेल तेव्हा पंप बंद करून ऐका.

गाडी जोडून तयार आहे. वहीतली दहावी चौकट अजून भरायची आहे.