डावीकडची नजर

गणपतीचे डोळे आखणारा माणूस मी. हमरापुरात माझ्या हातची नजर बघून गिऱ्हाईक मूर्ती उचलतं, आणि ही फुशारकी नाय, विचारा कोणालाही. म्हणूनच शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावानं, धनेशनं, मुंबईच्या प्रदर्शनासाठी रंगवलेलं चित्र कारखान्यात आणून टेकवलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. रोह्याला आलेल्या तमाशाच्या फडाचं ते चित्र: नाचणाऱ्या बाया, सोंगाड्या, ढोलकीवाला, सहाही जण पत्र्यातून कापल्यासारखे चौकोनी, चपटे. तेही सोसलं असतं, पण एकाच्याही तोंडावर डोळे नव्हते. तो फड बघून आल्यापासून पोरगा धड जेवत नव्हता, बसल्या जागी दचकून डावीकडं बघायचा. आणि एवढा जीव ओतलेलं चित्र अर्धवट म्हणून लोकांनी हसण्यावारी न्यावं, हे मला बघवेना.

तो पेणला चौकट आणायला गेला तसा मी बारीक ब्रश घेतला आणि सहाही चेहऱ्यांना नजर दिली, समोरच्याला भिडेल अशी सरळ, गेली वीस वर्षं देतोय तशीच.

परतलेला धनेश दारातच थबकला. "दादा, काय केलंस रे हे!"

"पुरं केलं."

"फडात माझ्या डाव्या हाताची खुर्ची रिकामी होती. खेळ संपेपर्यंत ही सगळी तिच्याकडंच बघत होती. म्हणून डोळे दिले नव्हते मी."

मी हसत चित्राकडं वळलो. सहाही नजरा धनेशच्या डाव्या खांद्याशी टेकल्या होत्या. आईशप्पथ, आखताना सरळ होत्या. धनेश चार पावलं सरकला, नजराही सरकल्या. तो लहान पोरासारखा रडायला लागला. मी त्याला जवळ घेतलं आणि थोरल्याच्या ऐटीत बोलून गेलो, "जो कोण हाय तो माझ्याकडं येऊ दे. तू नको घाबरू."

चित्र घेऊन तो मुंबईला गेला, आणि आठवड्यानं नाक्यावरच्या इकबालभाईंच्या दुकानात त्याचा फोन आला. "दादा, नजर सरळ झाली रे! झोप लागते मला." आवाज खणखणीत होता. फार बरं वाटलं मला.

परत येऊन मूर्ती आखायला बसलो. दुपार कलेपर्यंत चाळीस झाल्या. फळीवर ओळीनं मांडून जरा मागं सरलो, तर चाळीसही नजरा माझ्या डावीकडं.

तेवढ्यात माझी बायको पुतळी चहा घेऊन आली. एक कप तिनं माझ्या हातात दिला, दुसरा माझ्या डाव्या बाजूला ठेवला, आणि डोईवरचा पदर पुढं ओढत हळूच म्हणाली, "पावनं आलंत, तं आधी सांगायचं नाय व्हय?"