चांगुणाबाईची स्वप्नं

परमेश्वरने हेडफोन कानांवर नीट बसवले, डोळे मिटले आणि तो चांगुणाबाईच्या स्वप्नात शिरला.

"कालव्यातून पांढऱ्या म्हशी आल्या बघ, भारत. सात. कालवा पार कोरडा, अन् त्यांच्या अंगावरून मात्र पानी निथळून राह्यलं."

"मंग?" पलीकडून तिच्या मुलाचा आवाज.

"मंग काय, एकेक घरात एकेक शिरली. आपल्या घरातली तुझ्या बाजेवर बसली. मी म्हनलं, ऊठ बाई, पोरगं यील. तर म्हनती, न्हाई येत."

"म्हशी बोलतेत व्हय कुठं?" भारत हसला. "जा, पानी पे आता."

तीर्थपुरीच्या चांगुणाबाईचा हा नेम होता. पडलेलं स्वप्न घरच्या माणसाला सांगितल्याशिवाय ती पाण्याचा घोट घेत नसे. सांगून टाकलं की ते बाधत नाही, अशी तिची पक्की समजूत. नवरा होता तोवर त्याला सांगे, आता फोनवरून मुलाला. भारत गावोगाव हिंडून सरकारी रस्त्यात जाणाऱ्या शेतजमिनी वाचवायला सभा घेई, म्हणून जालन्यातल्या एका बिनपाटीच्या कचेरीत त्याचा फोन ऐकला जात होता. शहरातून आलेल्या साहेबलोकांना इकडची बोली धड कळेना, तेव्हा कुंभार पिंपळगावचा हवालदार परमेश्वर त्यांनी हुडकून आणला.

सुरुवातीला तो सकाळच्या फोनपुढे 'घरगुती, निरुपयोगी' एवढंच लिही. पुढे त्याचा हात वळेना. इतकी देखणी स्वप्नं, त्यांना निरुपयोगी म्हणायचं कोणत्या तोंडानं? मग तो ती सविस्तर उतरवू लागला. म्हशी किती, कुठून आल्या, कुठल्या दारात थांबल्या, सगळं वळणदार अक्षरात. त्या नोकरीत लाज वाटू नये असं तेवढंच एक काम होतं. संध्याकाळी सायकलवरून घरी जाताना धुरकट उजेडात रस्ता हळूहळू कालव्यासारखा दिसू लागे, मागून ओली खुरं वाजल्याचा भास होई आणि तो उगाचच कडेला थांबून वाट देई.

गुरुवारी साहेबांनी बोलावलं. त्याचेच कागद टेबलावर पसरले होते.

"सात म्हशी म्हणजे सात गाड्या का रे?"

"न्हाई सर. म्हशीच."

"पांढऱ्या?"

"सपान हाय, सर. घरगुती बोलनं."

"रोज स्वप्न? मला वर्षातून एक पडत नाही." साहेबांनी चष्मा काढला. "आणि घरगुती होतं, तर मग इतकं बारकाईनं कशाला लिहिलंस?"

आवडलं म्हणून, हे खरं उत्तर होतं. ते साहेबांना सांगण्यासारखं नव्हतं. परमेश्वर मान खाली घालून उभा राहिला आणि त्याच्या गप्प राहण्याचाही साहेबांनी आपल्या परीनं अर्थ लावला: हे खुणेचंच बोलणं.

शुक्रवारी भारतला आठवडी बाजारातून उचललं. त्याला कचेरीच्याच वरच्या मजल्यावर बसवून चौकशी सुरू झाली. घरी कुणी कळवलं नाही. त्याचा फोन तेवढा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून परमेश्वरच्या टेबलावर आला.

शनिवारी सकाळी सात वाजता पिशवी थरथरली. आतल्या फोनवर नाव उमटलं, 'आई'. वाजून वाजून फोन थांबला. नऊला वाजला, दहाला वाजला. खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकत भिंतीवर चढलं. चांगुणाबाईनं अजून पाणी घेतलेलं नाही, हे त्या कचेरीत त्याला एकट्याला ठाऊक होतं. त्याचा स्वतःचा घसा सुकला, पण भरलेल्या पेल्याकडे हात जाईना. बाराच्या सुमाराला त्यानं पिशवी उघडली.

"भारत?"

त्यानं फोन कानाशी घट्ट धरला.

"भारत न्हाईस तू. पोरगं म्हनायचं, आई, मधी कुनीतरी ऐकून राह्यलंय. तोच का तू?"

"जी."

"कुठंय माझं लेकरू?"

इतके महिने या घरातला शब्द न् शब्द त्यानं साहेबांपर्यंत पोचवला होता. त्या घराला मात्र त्यानं कधी काही कळवलं नव्हतं.

"जालन्यात हाय, आई. आमच्याच हापिसात. बरा हाय. वकील घिऊन जल्दी या." त्यानं कचेरीचा पत्ता सांगितला, सावकाश, दोनदा. मग राहवलं नाही. "माझ्यामुळं झालं हे. तुमची सपनं मी लिहून दिल्ती."

"कामून?"

"लई चांगली वाटली."

पलीकडे कुठेतरी कोंबडी कुरकुरली. परमेश्वरने डोळे मिटले. इतकं झाल्यावरही, आजचं स्वप्न ती सांगेल अशी आशा त्याच्या मनातून जात नव्हती, आणि त्याची त्याला शरम वाटत होती.

"आजचं तुला न्हाई सांगनार," चांगुणाबाई म्हणाली. "लेकराला समोर बशिवते, त्याला सांगते, मंगच पानी पेते."

फोन बंद झाला. समोरच्या संगणकाच्या पडद्यावर याही बोलण्याची नवी नोंद उमटली. दोन मिनिटं, अकरा सेकंद. ती पुसायची सोय होती, आणि खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

परमेश्वरने कोरा कागद ओढला. बोलणं आठवेल तसं नाही, झालं तसं, एकही शब्द न गाळता उतरवलं. फोन घेणाऱ्याच्या नावापाशी तो जरासा थांबला. मग तिथं आपलं नाव लिहिलं, पुढे बापाचं, आणि खाली गाव.