गाण्यात राहिलेला पंखा

मित्रांनो, जरा मान वर करा. तुमच्या डोक्यावर गरगर फिरतो आणि तरी ज्याच्याकडे कुणी बघत नाही, तोच मी, एक जुना छताचा पंखा. कारखान्यात माझी पाती तोलली, तेव्हा एक पातं कणभर जड राहिलं. त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला मी एकदा ‘कट्’ करतो. सवयीने ते कुणाला ऐकू येत नाही.

मी आहे त्या खोलीत दोघी बहिणी राहतात. थोरली शिवणकाम करते, धाकटी औषधांच्या दुकानात असते. मशीन चालवता चालवता थोरलीला चाली सुचायच्या. शब्दही तिचेच. बाह्या जोडताना एक कडवं, काजं करताना दुसरं. हे घरीच रेकॉर्ड करायचं, असं धाकटीने ठरवलं. दोघींनाही त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

पहिल्या दिवशी उकाडा फार होता. मोबाइल दोऱ्याच्या रिळांना टेकवला आणि थोरली गायली. शेवटची ओळ संपली, तेव्हा कुठे धाकटीचं लक्ष वर गेलं.

“अगं ताई, पंखा चालूच की.”

“असू दे. फुकटात तबलजी मिळाला,” थोरली म्हणाली आणि हसत सुटली. तेही त्यात आलं.

तेव्हापासून माझ्यावर बंदी. आधी माझं बटण बंद, मग गाणं. दोघी चुकतमाकत शिकत गेल्या. खिडकीला रजई टांगली. माइक आणला. भरतकामाच्या रिंगवर जुना पायमोजा ताणून तो माइकपुढे धरला, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना फुंकर बसत नाही. घामाच्या धारा लागायच्या, पण मला सुरू करायची सोय नव्हती. मी टांगल्या जागी ऐकत राहायचो. थोरलीचं मात्र समाधान होईना.

“श्वास ऐकू येतोय. पूस ते.”

“माणूस आहेस ताई. श्वास घेणारच.”

“पूस म्हटलं ना. टीप वाकडी गेली तर उसवतोच की आपण.”

धाकटी पुसायची. पुन्हा गाणं, पुन्हा पुसणं. फक्त ते पहिलं, माझ्यासकटचं गाणं तिने ताईला चिडवायला म्हणून ठेवून दिलं होतं.

मग थोरलीचा घसा बसला. बसला तो उठलाच नाही. ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता ती कुजबुजते, तेवढंच.

घरात कुणी रडलं नाही. रजई उतरवली, धुतली, वाळवली. माइक कपाटात गेला. मशीन चालू, मी चालू. मला वाईट वाटलं का, असं विचाराल तर सांगता येणार नाही. बटण तीनवर होतं, मी तीनवर फिरलो.

एका दुपारी धाकटी कॉम्प्युटर घेऊन बसली. राहिलेल्या त्या एकुलत्या एक गाण्यातून मला काढून टाकायची युक्ती ती शिकून आली होती. मी गेलो. पण माझ्याबरोबर आवाजातला ओलावाही गेला. कुणी पाण्याखालून गावं, तसं गाणं आलं. शेवटचं हसू तर टेबलावर बटणं सांडल्यासारखं वाजलं. तिने पुन्हा करून पाहिलं, जरा हलक्या हाताने. मी थोडा उरलो, थोरली थोडी उरली.

“नाही जमत गं ताई. पंखा काढला की तूही जातेस.”

मशीन थांबलं. थोरली उठून तिच्या कानाशी आली.

“मग राहू दे त्याला. एवढी वर्षं वारा घातलाय.”

“लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, उकडत होतं.”

धाकटी हसली. थोरलीचे खांदे हलले. आवाज आला नाही.

मित्रांनो, माझ्या पात्यांवर बोटभर धूळ आहे. जमलं तर पुसा, तेलाचा एखादा थेंब द्या. पण आपल्या माणसाचा आवाज साठवून ठेवलात, तर तो लगेच पुसायला घेऊ नका. खोकला, भांड्यांची आदळआपट, माझ्यासारख्याची कटकट, सगळं येऊ दे त्यात. त्याला चिकटून कोण आलंय, ते आधी ऐका.

हल्ली काम करताना थोरली कधी कधी ते गाणं लावते. मला बंद करत नाही. मग ‘कट्’ दोनदा येतं, एक माझं, एक गाण्यातलं. शेवटी मोबाइलमधली थोरली हसते, खोलीभर. मशीनवरची थोरली मान खाली घालून सुईत दोरा ओवते.