पोच

बाई स्टुलावर दोन्ही हात पसरून उभ्या होत्या आणि त्यांची शिवणकाम करणारी मैत्रीण, जिला त्या टाचणी म्हणत, ओठांत धरलेली एकेक पिन काढून त्यांच्या नव्या कोटाची बाही खांद्याला जोडत होती.

"श्वास सोड. पोट आत ओढून माप दिलंस तर निवडून आल्यावर बटणं तुटतील."

एरवी बाई हसल्या असत्या. पण त्यांची नजर आरशातून मागच्या दांडीकडे गेली होती. तिथे शिवून तयार झालेले कपडे टांगलेले होते आणि शेवटच्या हँगरवरच्या राखाडी झग्याला जी चिठ्ठी लावली होती, तिच्यावर केमिस्टच्या बायकोचे नाव होते.

केमिस्ट म्हणजे वॉर्डाचा नगरसेवक. चौकात औषधांचे दुकान, दोन वेळा निवडून आलेला. मुख्याध्यापिकेची नोकरी सोडून बाईंनी त्याच्याविरुद्ध अर्ज भरला, त्याला तीन आठवडे होत आले होते.

"ही पण येते का तुझ्याकडे?" बाईंनी जमेल तितक्या सहज विचारले.

"कोण, ती? पहिल्यापासून येते. खांदे उतरते आहेत तिचे, दुसऱ्या कुणाला जमत नाहीत." टाचणीने मान वर केली. "का गं?"

"काही नाही."

"मग हात खाली घेऊ नकोस."

शाळेत दोघी एका बाकावर बसायच्या. ही अंगाने काडी आणि बोलायला टोचरी, म्हणून बाईंनीच तिला टाचणी म्हणायला सुरुवात केली. पुढे ती शिवणकामात पडली आणि नाव कायमचे चिकटले. बाईंना 'अगं' म्हणणारी सगळ्या वॉर्डात ती एकटीच उरली होती. बाईंचा नवरा गेला तेव्हा दुकानाला कुलूप लावून पंधरा दिवस त्यांच्याकडे येऊन राहिली होती. निवडणुकीचा विचार मनात आला तेव्हा बाईंनी तो सगळ्यांत आधी तिलाच सांगितला. "लढ की," ती म्हणाली होती. "वीस वर्षं पोरांवर ओरडून आवाज कमावलायस, तो वाया कशाला घालवतेस?"

आज मात्र कोट उतरवून ठेवताना बाईंनी चहा नको म्हटले आणि उगाच घड्याळ बघितले.

दुकानाबाहेर दीर मोटारसायकलला टेकून उभा होता. प्रचाराची सगळी सूत्रे त्याच्याकडे होती. विम्याच्या कामामुळे त्याची घरोघर ओळख, आणि वरच्या गल्ल्यांमधली चारेकशे मते तर त्याच्या शब्दावर पडणारी.

"झालं माप?" त्याने विचारले. मग किल्ली फिरवता फिरवता हळूच म्हणाला, "वहिनी, मी कुणाचं नाव घेत नाही. पण विचार करा."

विचार तर त्या आठ दिवस करत होत्या. नर्सेसच्या वसाहतीत सभा ठरली, तर केमिस्ट आदल्या दिवशीच तिथे जाऊन आला. बेकरीतल्या कामगारांना सकाळी भेटायचे होते. बाई पोचल्या तेव्हा त्यांच्या हातात त्याची पत्रके होती. आणि परवाच्या सभेत तर त्याने माईकवरून सांगितले, की आमच्या विरोधी उमेदवार आरशासमोर उभ्या राहून भाषण पाठ करतात, आरसा टाळ्या वाजवतो असं त्यांना वाटतं. लोक पोट धरून हसले. बाईंच्या घरात अंगभर आरसा नव्हता. त्या भाषण म्हणून बघायच्या ते टाचणीच्या दुकानात, दुपारी गिऱ्हाईक नसताना.

हे त्यांनी दिराला सांगितले नव्हते. सांगायची गरजही नव्हती. "आरसा कुणाच्या दुकानात आहे, तेवढं बघा," असे तोच म्हणाला होता.

मंगळवारी कोट न्यायला त्या एकट्याच गेल्या. टाचणी बटणांसाठी काजे करत बसली होती. बाईंनी आधी हवापाण्याचे काहीतरी काढले आणि मग सकाळपासून मनात घोळवलेले वाक्य बोलल्या.

"गुरुवारी चार वाजता जुन्या गिरणीच्या पटांगणात लाँड्रीतल्या बायकांना भेटणार आहे. तुला म्हणून सांगते. ऑफिसात अजून कुणाला माहीत नाही."

यात खरे काहीच नव्हते. गुरुवारी चार वाजता बाई बस डेपोच्या कँटीनमध्ये चालकवाहकांशी बोलणार होत्या. ते सोमवारीच ठरले होते आणि बाई व दीर यांच्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हते. कँटीनसुद्धा त्याने विम्याच्या कार्यक्रमाच्या नावाने घेतले होते. गिरणीवर केमिस्टची माणसे दिसली, म्हणजे बातमी कुठून जाते ते कळणार होते.

टाचणीने दोरा दातांनी तोडला. "लाँड्रीतल्या? त्या कुणाच्या बोलावण्यानं जायच्या नाहीत कुठं."

"बघू."

"किती वेळ असशील तिथं?"

"अर्धा तास. का?"

"सहज. सावली आहे का तिथं? आणि बोलणार कुणी दुसरं, की तू एकटीच?"

बाईंनी एकेका प्रश्नाचे उत्तर दिले. इतके खोदून ती कधी विचारत नसे. निघताना त्यांनी मागे वळून पाहिले. टाचणी काम बाजूला ठेवून कुणाला तरी फोन लावत होती.

गुरुवारी त्यांनी शाळेतल्या जुन्या शिपायाला गिरणीसमोर बसवले. निवृत्तीनंतरही तो त्यांच्या शब्दाबाहेर नव्हता. "कोण येतं तेवढं बघा आणि मला कळवा," एवढेच त्याला सांगितले. मग त्या दिराबरोबर डेपोकडे गेल्या.

कँटीनमध्ये पाच-सहाजण उरले होते. बाकीचे चालक गाड्यांकडे निघाले होते. टेबलांवर रिकामे ग्लास होते आणि ग्लासांखाली केमिस्टची पत्रके.

"आत्ताच गेले ते," कँटीनवाला ओशाळून म्हणाला. "तीनलाच आले होते. मला वाटलं, तुमचा दोघांचा मिळूनच कार्यक्रम आहे."

दिराने कपाळावर हात मारला. "बघा वहिनी. म्हणत नव्हतो मी? ती शिवणवाली..."

बाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. त्याच्या हातात किल्ली होती आणि ती बोटाभोवती फिरत होती. असाच तो कितीतरी दुपारी त्यांना न्यायला म्हणून टाचणीच्या दुकानाच्या दारात उभा राहिलेला होता. दारातून आरसा सरळ दिसतो, हे बाईंच्या आत्ता लक्षात आले.

त्यांनी काही म्हणायच्या आत फोन वाजला.

"केमिस्टचं कुणी नाही, बाई," शिपाई सांगत होता. "पण इथं बायका जमल्यात. पन्नास तरी असतील. आपल्या शिलाईवाल्या बाईंनी गोळा करून आणल्यात. तुम्ही कधी येताय, विचारतात."

"येते," बाई म्हणाल्या.

पण लगेच निघता आले नाही. उरलेल्यांशी बोलणे भाग होते, मग दुसऱ्या पाळीचे लोक आले, त्यांच्याशीही बोलल्या. काय बोलल्या ते त्यांना नंतर आठवले नाही. गिरणीवर पोचल्या तेव्हा सहा वाजून गेले होते. पटांगणात टाचणी एकटीच होती. बायकांना बसायला अस्तराच्या कापडाचे तागे उलगडून अंथरले होते, ते ती धूळ झटकून पुन्हा गुंडाळत होती.

"बरी आहेस ना?" बाईंना पाहताच तिने कापड खाली टाकले. "फोन उचलेनास. मला वाटलं, काही झालं की काय तुला."

"डेपोत ऐनवेळी सभा ठरली. कळवायचं राहूनच गेलं."

टाचणीने त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिले. मग वाकून कापड उचलले. "होतं असं. थांबल्या बिचाऱ्या दोन तास. काहीजणी तर रजा टाकून आल्या होत्या."

"तू कशाला बोलावलंस त्यांना?"

"त्या येणार नाहीत म्हणून मीच गेले होते ना काल, घरोघर. तू अर्धा तास रिकाम्या पटांगणात उभी राहणार होतीस?"

बाईंनी कापडाचे दुसरे टोक धरले. दोघींनी मिळून तीनही तागे गुंडाळले. तेवढ्या वेळात सांगता आले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रचार कार्यालयात वीसेक माणसे जमली. दिराने उभे राहून डेपोत काय झाले ते सांगितले. बातमी कोण फोडते ते आता उघड आहे, केमिस्टच्या घरचे कपडे कोण शिवते हे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा शिवणवालीला यापुढे ऑफिसात पाऊल टाकू द्यायचे नाही, असे तो म्हणाला. हे सगळे बोलताना त्याने बाईंकडे एकदाही पाहिले नाही.

बाकीच्यांनी मात्र पाहिले. मतदानाला बारा दिवस उरले होते. बाईंनी एक वाक्य उच्चारले असते तर दीर त्या खोलीतून बाहेर गेला असता आणि त्याच्यामागे वरच्या गल्ल्या.

त्यांनी टेबलावरचा वॉर्डाचा नकाशा जवळ ओढला.

"पुढचा विषय घ्या," त्या म्हणाल्या.

दिराने तेव्हा कुठे त्यांच्याकडे पाहिले. वहिनीला सगळे कळले आहे हे त्याला कळले. दोघे त्यावर कधी बोलले नाहीत. त्याने केमिस्टशी बांधून ठेवलेले संधान तिथेच सुटले असावे, कारण त्या दिवसानंतर केमिस्ट कुठेच आधी पोचला नाही. कार्यकर्ते एकमेकांना सांगू लागले, की बघा, शिवणवालीला दूर केल्याबरोबर कसा फरक पडला. ते बाईंच्याही कानांवर येई. त्या मान हलवत. टाचणीचे दोन फोन येऊन गेले. मग आले नाहीत.

बाई दोनशे अकरा मतांनी निवडून आल्या.

अभिनंदनाची वर्दळ ओसरल्यावर, दहा-बारा दिवसांनी, एका सकाळी त्या एकट्याच चालत दुकानात गेल्या. काय बोलायचे ते वाटेत तीनदा ठरवले आणि तीनदा बदलले. टाचणी मशीनवर होती. पाय थांबवून ती उठून उभी राहिली.

"या. बसा."

बाईंनी मागे वळून पाहिले. मागे कुणी नव्हते.

"टाचणी, हे काय?"

"बसा ना. चहा मागवू का? साखर चालते का तुम्हाला?"

बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. टाचणी उभ्यानेच एका शिवणीचे टाके उसवू लागली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बाईंना सोपे गेले असते.

"डेपोची सभा सोमवारीच ठरली होती म्हणे," ती कापडाकडे बघत म्हणाली. "कँटीनवाल्याची मुलगी येते माझ्याकडे. बोलता बोलता म्हणाली."

"मी तुला सांगणारच होते."

"काय?"

त्या एका शब्दाला बाईंपाशी उत्तर नव्हते, असे नाही. उत्तर होते, पण ते तेव्हा त्या वीसजणांसमोर द्यायला हवे होते.

"लाँड्रीतल्या बायका चिडल्या होत्या तुमच्यावर," टाचणी पुढे म्हणाली. "मी सांगितलं त्यांना, बाईंना खरंच अडचण आली होती. बहुतेक जणींनी तुम्हालाच दिलं मत. मीही दिलं."

"असं तुम्ही-तुम्ही नको ना करूस."

"आता पदावर आहात. लोक काय म्हणतील?" तिने कात्री खाली ठेवली, खण उघडला आणि घडी घातलेले दोन कागद काढून बाईंसमोर ठेवले. "बरं झालं, आलात. मी येणारच होते ऑफिसात, पण मला येऊ देतात की नाही, ठाऊक नव्हतं. मागच्या गटाराचा अर्ज आहे. गल्लीतल्या एकोणीस जणींच्या सह्या आहेत. एक प्रत तुमची. दुसरीवर पोच द्या."

बाईंनी कागद वाचला. अक्षर टाचणीचे होते. वर 'माननीय नगरसेविका' असे लिहिले होते, आणि खाली पहिली सही तिचीच, पूर्ण नावानिशी. बाईंनी ते पूर्ण नाव शाळेच्या हजेरीनंतर कधी वाचले नव्हते.

"माझ्याकडून पोच मागतेस?"

"तोंडी झालेलं मागून कोण कबूल करतं?"

रस्त्यावरून एक पाण्याची गाडी गेली, दुकानाची काच थरथरली. बाईंनी पर्स उघडून पेन शोधले. 'मिळाला' असे लिहून खाली सही केली आणि कागद पुढे सरकवला.

टाचणीने तो उचलला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि परत त्यांच्यासमोर ठेवला.

"तारीख राहिली," ती म्हणाली.