बूट कुठे काढायचे

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका टेकडीवर चला. टेकडीच्या दोन अंगांना दोन घरं आहेत. पहिल्या घरात ऐन हिवाळ्यातही नुसत्या सदऱ्यावर फिरावं इतकी ऊब आहे. न्हाणीघरातले नळ सोनेरी आहेत, आणि दारापासून जिन्यापर्यंत सायीच्या रंगाचा गालिचा पसरला आहे. त्याच्यावर बूट घालून पाऊल टाकायची कुणाची छाती नाही. दुसऱ्या घरात बोललं की तोंडातून वाफ निघते. पडदे उन्हाने विरलेले, सोफ्यावर कुत्री झोपलेली, आणि दिवाणखान्याच्या मधोमध पत्र्याची बादली, कारण छप्पर गळतं. आता सांगा, यातलं मोठ्या लोकांचं घर कुठलं?

पहिलं म्हणालात ना? शेरिल बॅगशॉलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं.

ते पहिलं घर तिचंच होतं. तिचे वडील, लेन बॅगशॉ, छपरांचं काम करायचे. तरुणपणी खांद्यावर शिडी टाकून ते दारोदार काम मागत हिंडले होते. आता इंग्लंडातल्या अर्ध्या श्रॉपशर परगण्यात त्यांचं नाव रंगवलेल्या गाड्या धावत होत्या. दुसरं घर पेलहॅम मंडळींचं. जमिनीचे तुकडे विकत विकत त्यांचे दिवस चालले होते. पण गावातल्या चर्चमध्ये फरशीवर, खाली पुरलेल्या माणसांची नावं कोरलेली होती, आणि त्यातली निम्मी नावं पेलहॅमांची होती. लेन बॅगशॉंच्या आजोबांना कुठे पुरलं, हे लेनना स्वतःलाही माहीत नव्हतं.

पेलहॅमांची मुलगी टाव्ही. खरं नाव ऑक्टेव्हिया, पण त्या नावाने तिला फक्त रागावताना हाक मारत. घोडेस्वारी शिकताना शेरिलच्या नव्याकोऱ्या, चकचकीत खोगिराला सगळ्या मुली हसल्या. टाव्ही हसली नाही. तिने शेरिलच्या घोड्याचा पाय उचलून धरला आणि खुरातला चिखल कसा काढायचा ते दाखवलं. त्या दिवसापासून शेरिलला एकच गोष्ट हवी होती. टाव्हीच्या घरी आपण त्यांच्यातली म्हणून जावं.

पहिल्यांदा चहाला बोलावणं आलं तेव्हा लेन तिला सोडायला गेले. कोपरांवर भोकं पडलेला स्वेटर घालून मिसेस पेलहॅम दारात आल्या. "या या, मिस्टर बॅगशॉ. बाहेर काय उभे राहिलात?"

शेरिल दारातच खाली बसली. तिने बूट काढले आणि आई शिकवायची तसे भिंतीला लावून जोडीने नीट ठेवले. लेननीही एका बुटाची नाडी सोडली होती.

"अगं, हे काय करतेस?" टाव्ही खिदळली. "आई, बघ ना, हिने बूट काढले!"

"राहू दे गं बाळ, पाय गोठतील तुझे," मिसेस पेलहॅम हसून म्हणाल्या. "या घरात लोकांचे बूट फक्त कुत्री काढतात. तेही चावायला."

आणि खरंच, एक म्हातारा कुत्रा सावकाश उठला, शेरिलचा एक बूट तोंडात धरून सोफ्याखाली गेला. सगळे हसले. शेरिलही हसली, पण तिचे कान तापले होते. लेननी वाकून आपली नाडी पुन्हा बांधली. मग त्यांची नजर वर गेली.

"बाईसाहेब, हे कधीपासून गळतंय?"

"माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून. ती बादली माझ्याआधी या घरात आली आहे!"

रात्री जेवताना लेनना राहवेना. "डोरीन, अगं तुळई कुजत चाललीय त्यांची. मी उद्याच माणसं पाठवतो."

"त्यांनी सांगितलं का तुला?" शेरिलच्या आईने विचारलं.

"सांगायला कशाला हवं? शेजारी आहेत आपले. पैसेबिसे काही नाही घ्यायचे."

"न सांगता कुणाच्या छपरावर चढू नये, लेन."

"करा ना बाबा," शेरिल मधेच म्हणाली. "टाव्हीच्या खोलीतपण गळतं." छप्पर झालं की आपण कायमच्या त्या घरच्या झालो, असं तिने मनात पक्कं केलं होतं.

लेनची माणसं गेली, त्यांनी तुळई बदलली, नवी कौलं घातली. मिसेस पेलहॅमनी अंगणात येऊन डोळ्यांवर हाताची सावली धरून वर पाहिलं. "कमालीचे भले आहात हो तुम्ही," एवढंच म्हणाल्या. आता कधीतरी आपल्याकडे चहाला येतील म्हणून डोरीनने चांगल्या कपबशा काढून ठेवल्या. कुणी आलं नाही. पण पुढच्या रविवारी चर्चच्या दारात मिसेस पेलहॅमनी लेनना पाहून मान हलवली. "बॅगशॉ."

लेन खुशीत घरी आले. "ऐकलंस ना? मिस्टर नाही, काही नाही. नुसतं बॅगशॉ! जवळच्या माणसासारखं."

"त्यांच्या माळ्यालाही त्या तशीच हाक मारतात," डोरीन म्हणाली, आणि कपबशा पुन्हा कपाटात ठेवायला लागली.

शेरिल मात्र टाव्हीकडे जात राहिली आणि शिकत राहिली. दारात बूट काढायचे नाहीत. नवं काही अंगात घालायचं नाही, घातलंच तर आधी चुरगाळायचं. कुणाच्या घरातल्या सामानाचं कौतुक करायचं नाही. सामान काय, सगळ्यांकडे असतंच. आणि कशाची किंमत तर विचारायचीच नाही. तिला सगळं चटकन जमलं. टाव्ही एकदा म्हणालीही, "तू अजिबात वाटत नाहीस गं." काय वाटत नाही, ते तिने सांगितलं नाही आणि शेरिलने विचारलं नाही.

ख्रिसमसच्या आधीच्या रविवारी पेलहॅमांकडे गावातली निवडक मंडळी दुपारी मद्याचा घोट घ्यायला जमत. त्या वर्षी टाव्हीचा फोन आला. "तू ये. आणि आई म्हणतेय, वडिलांनाही घेऊन ये."

"आणि मी?" डोरीनने विचारलं.

"अगं, पोरगी विसरली असेल सांगायला," लेन म्हणाले.

"नाही विसरली." डोरीनने नवऱ्याच्या काळ्या सुटाला इस्त्री केली.

लेननी बूट घासून आरशासारखे केले. हातात लाल फीत बांधलेली व्हिस्कीची बाटली घेतली. मिसेस पेलहॅमनी दार उघडलं. आतून हसण्याचा, पेल्यांचा आवाज आला.

"आलात, बॅगशॉ! देवच पावला. उत्तरेकडच्या पन्हळीत पानं तुंबलीत हो, सगळं पाणी खिडकीवर येतंय. शिडी तबेल्यामागे आहे. झालं की मागच्या दाराने स्वयंपाकघरात या, आमच्या स्वयंपाकीण मिसेस पाईक गरम चहा देतील. अगंबाई, बाटली? तीही त्यांच्याकडेच द्या. शेरिल, तू ये गं आत, टाव्ही केव्हाची वाट बघतेय."

लेन उभे राहिले. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, मग मुलीकडे. ती काही म्हणेल असं त्यांना वाटलं असावं. शेरिलला आतल्या शेकोटीचा उजेड दिसत होता.

"जा बाळा," ते हळूच म्हणाले. "जा तू. आणि बूट काढू नकोस हं."

ते घराला वळसा घालून निघाले. चालता चालता त्यांनी कोट काढला.

आत शेकोटीचा धूर कोंडला होता म्हणून कुणीतरी खिडकी उघडली होती. खिडकीबाहेर शिडीच्या पायऱ्या दिसत होत्या, आणि एका पायरीवर दोन चकचकीत बूट. वरून काळी, कुजकी पानं धपाधप पडत होती. काठीवर रेललेले एक म्हातारे कर्नल तिकडे बघत होते.

"हा काय प्रकार? रविवारी असले चकचकीत बूट घालून शिडीवर कोण चढलंय? काय गं मुली, तुला माहीत आहे?"

टाव्ही शेरिलकडे बघायला लागली. तिच्या नजरेत काही वाईट नव्हतं. नव्या घोड्यापुढे कुंपण आलं की तो उडी मारतो का, हे बघावं, तशी ती बघत होती.

"तो बॅगशॉ," शेरिल म्हणाली. "छपरांचं काम करतो."

"रविवारी पण येतो? असली माणसं राहिली नाहीत आता," कर्नल म्हणाले. "आणि तुझं नाव काय?"

"शेरिल." पुढचं आडनाव तिने सांगितलं नाही.

खिडकीबाहेरचे बूट जागच्या जागी थबकले. मग एक बूट उचलला गेला, दुसरा उचलला गेला, आणि दोन्ही एक पायरी वर गेले. शेरिलने ताटातला सुक्या मेव्याचं सारण भरलेला छोटा केक उचलला आणि एक घास घेतला. टाव्ही बघत होती, म्हणून तिने तो सगळा संपवला.

परतताना गाडीत कुजक्या पानांचा वास भरला होता. लेनच्या विजारीवर चिखल वाळत होता.

"मजा आली ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"छान." त्यांनी काचेवरची वाफ बाहीने पुसली. "त्या बादलीच्या वरचा छताचा ओला डाग गेला का गं आतून?"

"गेला."

घरी डोरीनने दारात वर्तमानपत्र अंथरलं होतं आणि दोघांच्या सपाता शेकून ठेवल्या होत्या. लेन पायरीवर बसले. नाड्या सोडून त्यांनी चिखलाचे बूट कागदावर जोडीने ठेवले. डोरीनने त्यांची विजार पाहिली, चेहरा पाहिला. ती मुलीकडे वळली.

"ये राणी, काढ ते बूट. पाय गार पडले असतील."

शेरिलने सपातांकडे पाहिलं. आईच्या हाताकडे पाहिलं. मग तिने बूट न काढताच आत पाऊल टाकलं. टाव्हीच्या घरी चालतात तशी, न घाई करता, सायीच्या रंगाच्या गालिच्यावरून ती जिन्यापर्यंत चालत गेली, आणि वर आपल्या खोलीत निघून गेली.